ताईच्या केसमधला माझा सिंहाचा वाटा

५ ऑगस्ट, सोमवार. दुपारी १२.१०
आज सकाळी ११.२० वाजता माझं आयुष्य बदललं. नोंद राहावी म्हणून ही वही काढली. (पहिल्या चार पानांवर कराराचा कायदा आहे. पुढे कोरी.)

मी अंथरुणात होतो. दार वाजलं, ताई आत आली. ताई या वेळेला कधीच घरी नसते. चष्म्याच्या काचांचा कारखाना, तपासणी विभाग, सात वर्षं. दिव्यासमोर काच धरायची आणि ओरखडा शोधायचा. तिला सहावा महिना चालू आहे. शुक्रवारी तिनं ऑफिसात तसं कळवलं आणि बाळंतपणाच्या पगारी रजेचा अर्ज दिला. आज मॅनेजर म्हणाला, काम कमी झालंय, उद्यापासून येऊ नका. नुसतं तोंडी. वर तयार टाईप केलेला राजीनामा पुढे सरकवला, तेवढी सही करा म्हणाला. ताईनं सही केली नाही. डबा उचलला आणि घरी आली.

माझं डोकं फिरलं. या घरात कायदा शिकलेला माणूस एकच. तीन सेमिस्टर झाल्यात, म्हणजे अर्धा वकील. उरलेला अर्धा अनुभवानं होतो. कॉलेज मी सोडलं ते तत्त्वासाठी, हजेरी कमी पडली हे निमित्त.

ठराव: उद्या पाचला उठणे. कंपनीला गुडघ्यावर आणणे.

६ ऑगस्ट, मंगळवार. ९.१५
पावणेनऊला उठलो. युद्धाच्या आधी झोप पूर्ण हवी.

ताई घरात नव्हती. पर्स घेऊन, डबा घेऊन, नेहमीसारखी पावणेआठला निघून गेली म्हणे. नऊला परत आली, डबा भरलेलाच. भिंतीवरच्या कॅलेंडरवर एक फुली मारली आणि भाजी निवडायला बसली. मी भावजींकडे बघितलं. ते फ्रिज दुरुस्त करतात, स्वभावही तसाच. म्हणाले, तिचं तिला कळतंय, तू मध्ये पडू नकोस.

कोणीतरी मध्ये पडायलाच हवं.

७ ऑगस्ट, बुधवार. दुपारी २.००
काय लिहू?

मॅनेजरला फैलावर घ्यायला गेलो होतो. गेटवर वॉचमनकाकांनी लाल पुठ्ठ्याच्या वहीत नाव, वेळ आणि काम लिहून घेतलं. काम: 'जाब विचारणे'. आत रिसेप्शनवर ती.

ती. जाड फ्रेमचा चष्मा, डाव्या हाताशी स्टॅम्प पॅड, उजव्या हातात शिक्का. कुणाला भेटायचंय, असं विचारलं. मला क्षणभर आठवेना. मॅनेजर मीटिंगमध्ये आहेत म्हणाली. मग हळूच: काही लेखी असेल तर आणून द्या, मी शिक्का मारून देते.

'मी' शिक्का मारून देते. दुसरं कुणी नाही.

९ ऑगस्ट, शुक्रवार. रात्रीचं जेवण व्हायच्या आधी
ताई रोज जाते. रोज नऊला परत. रोज फुली. निदान स्पष्ट आहे: धक्का बसलाय. नोकरी गेली हे मनानं स्वीकारलेलंच नाही. आज तर ताट घासून झाल्यावर बल्बसमोर धरून ओरखडा शोधत होती. मला भडभडून आलं. ती म्हणाली, काय झालं, नीट घासत जा तू.

ती सोमवारी दुपारीच कामगार कार्यालयात तक्रारही देऊन आली होती. तिथल्या अधिकारी बाईंनी एक पुस्तिका दिली, गरोदर कामगारांचे हक्क. ताई मला काहीतरी समजावत होती, गरोदरपणी कामावरून काढता येत नाही, आपण मात्र गेटवर... मी हात वर करून थांबवलं. नेमके तेव्हाच मला मुद्दे सुचत होते. पुस्तिकेचं मुखपृष्ठ वाचलं. आशय कळला.

१२ ऑगस्ट, सोमवार
पत्र लिहितोय. चार मसुदे झाले. पहिला मॅनेजरसाठी होता. नंतरचे, खरं सांगायचं तर, ते आधी कुणाच्या हातात पडणार हे डोळ्यांपुढे ठेवून लिहिले. तिसऱ्यात चंद्र आला होता, काढला.

सकाळी ताईचा डबा लपवला, म्हणजे ती जाणार नाही. ती डब्याशिवाय गेली. दुपारी डबा मीच खाल्ला.

१३ ऑगस्ट, मंगळवार
पत्र दिलं! शेवटचा परिच्छेद इथे उतरवून ठेवतो:

'ज्या कंपनीला आईपणाची किंमत नाही, त्या कंपनीची पायरी माझी बहीण यापुढे कधीही चढणार नाही. तुमची नोकरी तिनं स्वतःहून केव्हाच लाथाडली आहे.' खाली सही, आणि 'कायदेशीर सल्लागार'.

रिसेप्शनवर तिनं पत्र पूर्ण वाचलं. मग विचारलं, तुम्ही वकील आहात? मी म्हणालो, जवळजवळ. तिनं माझ्याकडे बघितलं, शिक्क्यावर फुंकर मारली आणि दाबला. माझ्या प्रतीवर तिच्या अंगठ्याचा थोडा निळा ठसाही उमटलाय. प्रत उशीखाली ठेवतोय.

ताईला अजून सांगितलेलं नाही. निकाल लागला की एकदम सांगीन.

१९ ऑगस्ट, सोमवार
उत्तर नाही. पण मी स्वस्थ बसलेलो नाही. रोज रिसेप्शनला जातो. युक्ती अशी: पेन काउंटरवर विसरायचं, दुसऱ्या दिवशी ते मागायला जायचं आणि निघताना दुसरं विसरायचं. पत्र दिलं त्या दिवसापासून चार पेनं झाली, आजचं पाचवं. ती दरवेळी न बोलता ड्रॉवर उघडते. आमच्यात शब्दांची गरज उरलेली नाही.

गेटवर वॉचमनकाका आता मला काही विचारतही नाहीत. स्वतःच लिहितात. काम: 'पेन'.

एकच गोष्ट खटकते. वहीत माझ्या ओळीच्या वर रोज ताईचं नाव असतं. बिचारी.

२० ऑगस्ट, मंगळवार. संध्याकाळी
आज लिहायची इच्छा नाही. पण शिस्त म्हणून.

ताईनं केलेल्या तक्रारीवर कामगार कार्यालयातून सुनावणीची तारीख आली, २७. सोबत कंपनीचा खुलासा. त्यात म्हटलंय की सदर महिलेला आम्ही काढलेलंच नाही, तिनं स्वतःहून काम सोडलं, पुराव्यादाखल तिच्या कायदेशीर सल्लागाराचं पत्र जोडलं आहे.

ताईनं ते पत्र बल्बसमोर धरून वाचलं. अख्खं. ओरखडा शोधायची गरज नव्हती.

"हे तू लिहिलंस?" म्हणाली.

मी म्हणालो, भाषा बघ ना, कुठे तडजोड केलेली नाही.

"अरे बाबा, मी रोज गेटवर काय हवा खायला जात होते? आत घेत नाहीत तर नाही, पण त्या वहीत रोज माझं नाव पडायला हवं. मी काम सोडलेलं नाही, एवढंच मला दाखवायचं होतं. बाईंनी हेच सांगितलं होतं. मी तुला हेच सांगत होते."

तिनं सोडलं असं ठरलं, तर नोकरी गेली, बाळंतपणाची पगारी रजा गेली, दवाखान्याचा खर्च आपला. हे ती ओरडून बोलली असती तर मला बरं वाटलं असतं. ती खुर्चीत बसली आणि दोन्ही हात पोटावर ठेवून कॅलेंडरकडे बघत राहिली. भावजी अर्धा चहा तसाच ठेवून उठले. जाताना म्हणाले, मध्ये पडू नकोस म्हटलं होतं. एवढंच.

पुस्तिका वाचली. सगळी. चोवीस पानं आहेत.

२२ ऑगस्ट, गुरुवार
शांतपणे विचार केला तर ते पत्र ही एक प्रकारे चालच होती. कंपनी गाफील राहिली. सुनावणीत मी उभा राहून अर्धा तास बोलेन. रिसेप्शनवरची ती कंपनीची फाईल घेऊन येणारच. शर्टाला इस्त्री केली. खिशाजवळ थोडा जळाला, तिथे फाईल धरता येईल.

ताई सकाळी गेटवर गेली. फुली मारली. माझ्याशी बोलते, पण कामापुरतं: मीठ दे, दार उघड.

२७ ऑगस्ट, मंगळवार. दुपारी ४.००, कामगार कार्यालयाच्या पायरीवर
छोटी खोली. टेबलाच्या पलीकडे अधिकारी बाई. एका बाजूला ताई आणि भावजी, समोर मॅनेजर, आणि ती. तिच्यासमोर फाईल आणि गेटवरची लाल वही. वही बाईंनीच मागवली होती, ताईच्या सांगण्यावरून.

बाई एकेक पान उलटत मोठ्यानं वाचू लागल्या. ६ ऑगस्ट, ताईचं नाव, आठ वीस, 'कामावर आली, आत सोडायचं नाही असा आदेश'. वॉचमनकाकांचं अक्षर, टपोरं. ७ ऑगस्ट, तेच. रविवार आणि पंधरा ऑगस्ट सोडून आजपर्यंत अठरा दिवस, अठरा नोंदी. मध्येमध्ये बाई अडखळल्या. हे 'पेन' कोण? 'पेन'. 'पेन'. परत 'पेन'. मॅनेजर माझ्याकडे बघायला लागला. ती फाईलकडे बघत राहिली.

मॅनेजर म्हणाला, गेटवर काय कुणीही येतं, यांच्या वकिलानंच लिहून दिलंय की नोकरी सोडली. बाईंनी माझं पत्र वर धरलं.

"हे सल्लागार कोण?"

उभा राहिलो. अर्ध्या तासाचं भाषण पाठ होतं. ताईनं माझ्याकडे बघितलं, काच बघते तसं. तिसरा मसुदा, चौथा मसुदा, सगळं डोक्यातून गेलं.

"मी. पण मी वकील नाही. कॉलेज मध्येच सोडलंय. तिनं मला लिहायला सांगितलं नव्हतं, तिला माहीतही नव्हतं. माझं म्हणणं कुणी धरायचं काही कारण नाही."

घरात कुणीच धरत नाही, असं भावजी खालच्या आवाजात म्हणाले. बाईंनी तेही लिहून घेतलं की काय, कळलं नाही.

मग म्हणाल्या, हे तुमच्या हातानं लिहून द्या. मी खिसे चाचपले. समोरून तिनं पर्स उघडली आणि माझ्यासमोर एक पेन ठेवलं. पाचवं.

"हे तुमचं राहिलं होतं," म्हणाली. "जवळजवळ म्हणजे किती?"

"तीन सेमिस्टर," म्हणालो.

लिहून दिलं. खाली सही, त्याखाली हुद्द्याची जागा. 'भाऊ' लिहिलं.

बाईंनी पत्र बाजूला काढलं आणि मॅनेजरला सांगितलं, उद्यापासून यांना आत घ्यायचं, बसून करायचं काम द्यायचं, बुडालेले दिवस भरून द्यायचे, आणि तारीख जवळ आली की पगारी रजा. नाहीतर पुढचं मी बघते. मॅनेजरनं मान हलवली. ताईनं पर्समधून कॅलेंडरचं घडी केलेलं पान काढलं आणि आजची फुली मारली. माझ्याच पेनानं.

मी अजून उभाच होतो. एकूण विजयात माझा वाटा किती, यावर दोन शब्द बोलावेत असं मनात होतं. बाई म्हणाल्या, तुमचं काम झालं, बाहेर थांबा, आणि जाताना दार लावून घ्या.

बाहेर आलो, दार लावलं. पहिल्यांदा नीट लागलं नाही. पुन्हा ओढून लावलं.