एकच दगड तीनदा

६ जानेवारी, सोमवार

कल्लाप्पाचा फोन. मी निवृत्त झाल्यापासून पहिल्यांदा. नंबर सेव्ह नव्हता म्हणून उचलला. असता तर उचलला नसता.

"म्याडम, कल्लाप्पा बोलतोय. सेक्शन कटिंगचा कल्लाप्पा." जणू मी विसरले असेन. त्याची मुलगी भाग्यलक्ष्मी बी.एस्सी.ला आहे, जिऑलॉजी घेतलंय. "दगडात अडकतीया. तुमच्यागत शिकवणारं कोण न्हाई. रविवारी स्वल्प बघता काय?"

बरं, पाठवा म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

विद्याधरला एवढंच सांगितलं की ऑफिसमधल्या एकाची मुलगी शिकायला येणार आहे. "बरं झालं," तो म्हणाला, "तुलाही उद्योग."

७ जानेवारी

या वहीत इतक्या वर्षांत सगळं लिहिलं, हे नाही लिहिलं. आता लिहितेच.

२००१. तुमकूरच्या पुढे ऑफिसचं खडकांच्या नकाशाचं काम चालू होतं. एका टेकडीच्या माथ्यावरून तीन नमुने आणायचे होते — चौदा, पंधरा, सोळा. चढ उभा, ऊन कडक, आणि दुपारची जीप बेंगळुरूला परतणार. मी वर गेलेच नाही. पायथ्याशी एक काळा धोंडा पडला होता. त्याचेच तीन तुकडे फोडले, तीन नंबर घातले. डोलेराइट. नकाशात माथ्यावर डोलेराइट दाखवला.

पडलेला धोंडा कुठून गडगडत आला कुणाला माहीत. जमिनीत पक्का असलेला खडकच फोडायचा, हे पहिल्या वर्षाच्या मुलांना सांगतात.

कल्लाप्पा तेव्हा लॅबमध्ये चकत्या कापायचा. दगडाचा पातळ काप काचेवर चिकटवायचा आणि घासत राहायचं, इतकं की त्यातून उजेड आरपार जातो. मग मायक्रोस्कोपखाली कण दिसतात. ते सांगतात हा खडक वितळलेला रस थिजून झाला, की गाळ साचून, की आधीचाच खडक खोल दाबला-भाजला जाऊन. चकती पुरेशी पातळ झाली का, हे बाकीचे पुन्हा पुन्हा मायक्रोस्कोपखाली घालून बघायचे. याला बोटाला कळायचं.

त्या तीन चकत्या घेऊन तो माझ्या टेबलापाशी आला होता. "म्याडम, ह्या तिन्ही एकाच दगडाच्या दिसत्यात."

"आहे तसं ठेवा," मी म्हटलं.

पुढे आमचे साहेब गिरीराज सर तपासणीला टेकडीवर चढले. माथ्यावर क्वार्टझाइट. पांढराशुभ्र. डोलेराइट म्हणजे जमिनीच्या पोटातून भेगेत घुसून थिजलेला रस, क्वार्टझाइट म्हणजे कुठल्याशा जुन्या उथळ समुद्राची वाळू, दाबानं-उष्णतेनं घट्ट झालेली. गफलत व्हायला जागाच नाही. सर जाणार आहेत हे मला दोन दिवस आधी कळलं होतं. उरलेले तुकडे मी टाकून दिले होते. फील्डबुकाचं पान फाडून नवं लिहिलं होतं.

सरांना म्हटलं, "मी वरचाच दगड आणला होता सर. वरून काळवंडलेला होता, नाव चकत्या बघून घातलं. घोळ लॅबमध्ये झालाय." कल्लाप्पाला बोलावलं. त्याच्या तोंडावर म्हटलं — "तुम्हीच म्हणालात ना, तिन्ही एकाच दगडाच्या? तुम्ही एकच दगड तीनदा कापलात."

तो स्वतःच्या हातांकडे बघत राहिला.

त्याला मेमो. मशीनवरून काढलं, स्टोअरला टाकलं. तिथूनच निवृत्त झाला. मला पुढच्या वर्षी बढती.

१२ जानेवारी, रविवार

भाग्यलक्ष्मी आली. मारतहळ्ळीहून दोन बस बदलून. एकवीस वर्षांची, बारीक, केसांना घट्ट वेणी. दारातच पाया पडली. मला मागे सरकायलाही वेळ मिळाला नाही.

पुस्तक काढलं तिनं. अग्निजन्य, गाळाचे, रूपांतरित, सगळं पाठ. "पण आंटी, दगड हातात आला की काहीच आठवत नाही."

पुस्तक मिटायला लावलं आणि तिला आमच्या बेंगळुरूच्या लालबागेत नेलं, घरापासून चालत. तिथल्या मोठ्या उघड्या खडकावर लोक फोटो काढत होते. म्हटलं, बस खाली. नाव विसर. काय दिसतं सांग.

"पट्टे. पांढरा, काळा, पांढरा."

"सरळ?"

"नाही... वळलेत. कणीक तिंबल्यासारखे."

दगड कधी वळतो? कठीण असताना मोडेल. म्हणजे खोल गेला होता, तापून मऊ झाला होता, वरून दाब होता. तिनं स्वतःच म्हटलं — "म्हणजे हा आधी दुसरा कुणीतरी होता?" अगदी हेच. हा नाइस, पट्ट्यांचा रूपांतरित खडक, तीनेकशे कोटी वर्षांचा. आधी बहुतेक ग्रॅनाइटसारखाच अग्निजन्य. खडकांची तीन घरं आहेत, पण कुणी कायमचं एका घरात राहत नाही. थिजलेला झिजतो, त्याची वाळू होते, वाळूचा खडक होतो, तो दाबला जातो, फारच खोल गेला तर पुन्हा वितळतो.

हुशार आहे. बाप तसाच होता. आहे.

१४ जानेवारी

संक्रांत. कल्लाप्पानं मुलीच्या हाती एळ्ळु-बेल्ला, इकडचा तिळगूळ, पाठवलं. डबा अजून ओट्यावर तसाच आहे, उघडला नाही.

१९ जानेवारी, रविवार

टेबलावर तीन ढीग करायला लावले. माझ्या जुन्या पेटीतले बावीस नमुने. सतरा बरोबर. वाळूचा खडक आणि क्वार्टझाइट यांत फसली. हातोडी दिली. वाळूच्या खडकात भेग कणांना वळसा घालून जाते, क्वार्टझाइटमध्ये कणांतूनच आरपार, कारण कण एकजीव झालेले. फोडून बघितलं तेव्हा तिचा चेहरा उजळला.

मग आमचा स्वयंपाकाचा ओटा दाखवला. "हा कोण?"

"ब्लॅक ग्रॅनाइट. दुकानात असंच लिहितात."

"दुकानदाराचं सोड."

भिंग घेऊन बराच वेळ बघत बसली. ग्रॅनाइट इतका काळा नसतो म्हणाली. गुलाबी-पांढरे कण नाहीत. डोलेराइट?

हो म्हटलं. भिंग काढून घेतलं.

चहा पिताना सहज विचारलं, अप्पा मदत करत नाहीत का? त्यांनी हजारो दगड पाहिलेत.

"अप्पा दगड हातातच घेत नाहीत, आंटी. म्हणतात, माझे हात खोटे आहेत. मी जन्मायच्या आधी ऑफिसात त्यांच्याकडून काहीतरी मोठी चूक झाली होती. एकच दगड तीनदा कापला म्हणे. कसं झालं ते अजून त्यांना आठवत नाही. त्याचाच त्रास होतो त्यांना. कुलूप लावलं की तीनदा बघून येतात. दिवाळीत अम्मानं गॅसचं रेग्युलेटर बदलायला सांगितलं, तर शेजाऱ्यांना बोलावून आणलं."

आठवत नाही. म्हणजे त्याला ते खरं वाटलं!

मी चोवीस वर्षं समजत होते की तो मनात मला शिव्या देत असेल. खोटं बोलली बाई, म्हणत असेल. ते मला चाललं असतं. पण त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला, आणि स्वतःच्या हातांवरचा उडवला.

२० जानेवारी

विद्याधरला सगळं सांगितलं. फाडलेल्या पानासकट. त्यानं पेपर घडी करून ठेवला.

मग म्हणाला, "तेव्हा आपल्या अमितला ताप होता ना? तू घाईत होतीस."

पुढे तोच म्हणाला, "सांगून काय होणार आता, नयना? त्याची नोकरी परत येणार आहे? तू हलकी होशील, तो पेटेल. मुलगी येतेय, शिकव मनापासून. तीच भरपाई."

हे मीही स्वतःला सांगून बघितलंय. पहिल्या रविवारी पटलं होतं.

२३ जानेवारी

ताप नव्हता. अंग थोडं कोमट होतं, शेजारच्या आजींकडे खेळत होता. मला चढायचा कंटाळा आला होता. बस.

२६ जानेवारी, रविवार

भाग्यलक्ष्मीचे बावीसपैकी बावीस. माझं लक्ष नव्हतं. जाताना म्हटलं, पुढच्या रविवारी तू येऊ नको, मी येते तुमच्याकडे. किती खूश झाली. "अप्पा नाचतील."

२ फेब्रुवारी, रविवार

जाऊन आले.

मारतहळ्ळीत जुन्या गावठाणात दोन खोल्या. दारात रांगोळी. कल्लाप्पा इस्त्रीचा शर्ट घालून उभा. केस पूर्ण पांढरे झालेत. त्याची बायको चंद्राबाई आतून म्हणाल्या, "उपिट केलंय, खाऊनच जायाचं." मुलीला शेजारून खुर्ची आणायला पाठवलं त्यांनी, माझ्यासाठी.

मी बसले नाही. बसले असते तर बोलता आलं नसतं.

"कल्लाप्पा, ते चौदा-पंधरा-सोळा."

त्याचा चेहरा पडला. "म्याडम, ते कशाला आता. माझी चूक झाली, तुमाला साहेबांचं ऐकून घ्यावं लागलं —"

"तुमची चूक नव्हती. मी टेकडीवर गेलेच नाही. खालच्या एका धोंड्याचे तीन तुकडे केले. तुम्ही तीन वेगळे नमुनेच कापलेत, मीच एकाचे तीन दिले होते. तुम्ही ओळखलंत, आणि मी ते तुमच्यावरच उलटवलं."

तो माझ्याकडे बघत राहिला. समजायला वेळ लागला, की समजून घ्यायचं नव्हतं, कळलं नाही.

"म्हंजे तिन्ही एकाच दगडाच्या हुत्या?"

"हो."

"मी सांगितलं तेच?"

"हो. तुमचं बरोबर होतं."

खाली बसला, जमिनीवरच. हात उलटे-सुलटे करून बघत होता. "मी ध्यान लावून बसायचो म्याडम. किती वर्षं. कुठल्या खोक्यातला कुठला उचलला, डोळ्यापुढं आणायचो. येतच नव्हतं. म्हटलं डोस्कं फिरलंय माझं. म्हंजे येणारच कसं? झालंच नव्हतं."

मी माफी मागितली. ते शब्द किती लहान वाटले तिथे.

चंद्राबाई दारात येऊन उभ्या होत्या, हातात उपिटाची बशी. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "तांदळातनं खडे वेचताना हा माणूस मला इचारायचा, हे खडाच हाय न्हवं?" एवढंच म्हणाल्या आणि बशी घेऊन आत गेल्या.

भाग्यलक्ष्मी खुर्ची डोक्यावर घेऊन आली. आईनं तिला आत बोलावलं. आतून कन्नडमध्ये कुजबुज.

कल्लाप्पा उठला. आवाज चढवला नाही. "आता जावा तुम्ही."

३ फेब्रुवारी

ऑफिसला पत्र लिहिलं. नंबर, साल, टेकडीचं नाव, पान फाडल्याचंही. मेमो माझ्या खोट्यावर दिला गेला, तो रद्द करावा. विद्याधरनं वाचलं. "तुझं नाव जाईल," म्हणाला. मग स्वतःच पोस्टात जाऊन रजिस्टर केलं. एक प्रत कल्लाप्पाच्या पत्त्यावर.

९ फेब्रुवारी, रविवार

आली नाही. चार वाजेपर्यंत नमुने टेबलावर मांडून बसले होते.

१७ फेब्रुवारी

ऑफिसातून एका तरुण अधिकाऱ्याचा फोन. प्रांजली म्हणून कुणी. आमच्याच पुण्याची निघाली. माझ्या वर्गीकरणाच्या टिपणांवर शिकलेय म्हणाली, मग अडखळली. फाईल सापडली आहे. मेमो रद्द होईल, कल्लाप्पांना तसं लेखी जाईल. त्या टेकडीवरचा माझा सगळा नकाशा आता पुन्हा तपासणार. "मॅडम, बाकीच्या ठिकाणीही तुम्ही...?"

नाही म्हटलं. हे एकदाच.

तिनं "ओके मॅडम" म्हटलं. विश्वास बसला नसावा. का बसावा?

२ मार्च, रविवार

नाही आली. आता मांडत नाही नमुने.

१६ मार्च, रविवार

भाग्यलक्ष्मीचा फोन. तिच्या कॉलेजात चकत्या कापायचं मशीन धूळ खात पडलं होतं. गेल्या सोमवारी अप्पा विचारायला गेले, मंगळवारपासून त्यावर बसतात. मुलं भोवती गर्दी करतात म्हणे.

"तुमच्यासाठी निरोप आहे, आंटी." थोडी थांबली. "त्यांनी माफ केलेलं नाही. तसंच सांग म्हणाले. दगड शिकायला मात्र जा, त्यात म्याडमसारखं कुणी नाही. पण त्यांच्या घरचं पाणी घेऊ नको."

मग तिनंच विचारलं.

"चारला येऊ?"

ये म्हटलं.

ती आली. पाण्याची बाटली घरून आणली होती.