घरी पत्र पाठवू नये

बाई, त्या फुलवालीची केस मी कशी बंद केली, हे तुम्हाला खरं सांगायचं राहून गेलं. तुम्हाला जाऊन आता पाच वर्षं होतील. एवढ्या काळात मी पुष्कळ केसेस बंद केल्या, कधी काम झालं म्हणून, कधी आपल्याकडून होण्यासारखं काही उरलं नाही म्हणून. त्यातल्या बहुतेकांचे चेहरेही आता आठवत नाहीत. हिचा आठवतो.

गंगापूर रोडवरच्या आपल्या त्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत बाकडं, फायलींचं कपाट आणि चहा करणाऱ्या मावशींचा स्टोव्ह. आतल्या खोलीत दोन वेताच्या खुर्च्या. मी समुपदेशन शिकून तुमच्याकडे आले तेव्हा लोक नुसतं ‘सल्ला केंद्र’ म्हणायचे आणि जिना चढताना कुणी ओळखीचं बघत नाही ना, ते पाहून घ्यायचे. पहिल्याच वर्षी तुम्ही मला रागावलात. एक कॉलेजातली मुलगी बरी झाली होती, तरी मी तिला बोलावत राहिले होते. तुम्ही तिची फाईल चाळून माझ्यासमोर ठेवलीत आणि विचारलंत, “हिला तुझी गरज आहे की तुला हिची?” मी रडायला लागले. तुम्ही पाण्याचा ग्लास पुढे केलात, पण बोलायच्या थांबला नाहीत. “अगं, थांबवायचं असेल तर समोर बसवून सांगायचं. महिनाभर आधी सांगायचं, कारण सांगायचं. आणि आपल्याला झेपत नसेल तर तसं म्हणून दुसऱ्याकडे द्यायचं, त्यात कमीपणा नाही. फक्त माणसाला असं वाटता कामा नये की आपल्याला टाकलं.”

ही फुलवाली तुमच्याकडे यायला लागली तेव्हा चाळिशीची असेल. शहराबाहेर त्यांचा मळा होता. गुलाब, शेवंती, दसऱ्याला झेंडू. बुधवारी बाजारात फुलं विकून झाली की रिकाम्या पाट्या मावशींपाशी ठेवून ती आत जायची. तिची अकरा वर्षांची मुलगी तापात गेली होती. दसऱ्याचा आदला दिवस, झेंडू तोडून ठेवलेला, मुलीचं अंग तापलेलं. ही म्हणाली, एवढं विकून येते आणि मग दवाखान्यात नेते. परत आली तेव्हा दारात माणसं जमली होती. त्यानंतर घरात त्या मुलीचं नाव कुणी काढलं नाही. ते नाव घ्यायला ती आपल्याकडे यायची, आणि घरच्यांना वाटायचं बाजारात उशीर होतो. तुम्ही दीड वर्ष तेच तेच ऐकत होतात.

मग तुमचं दुखणं निघालं आणि तुम्ही तुमच्याकडे येणारी माणसं मी आणि माझी सहकारी, आम्हां दोघींत वाटून दिलीत. हिची फाईल माझ्या हातात देताना म्हणालात, “हिला घाई करू नकोस. आता कुठे थोडी हसायला लागलीय. एक दिवस आपणच म्हणेल, आता बास. तोवर ऐक.” फाईलच्या पहिल्याच पानावर तुमच्या अक्षरात, लाल शाईनं, एक ओळ होती: घरी पत्र पाठवू नये.

माझी मुलगी त्याच वर्षी अकराची झाली. तुमच्या आजारपणात ते तुमच्या लक्षात आलं नसेल. मी सांगायला हवं होतं. बुधवारी घरी गेल्यावर चप्पल काढायच्या आधी मी तिच्या कपाळाला हात लावून बघायची. पुढे पुढे मंगळवारीही बघायला लागले. फुलवाली समोर बसलेली असते, सांगत असते, “हात लावला तर तव्यावाणी लागत व्हती ताई, तरी मी गेले,” आणि मी तिच्या डोक्यावरच्या घड्याळाकडे बघत असते. बाहेरच्या खोलीत माझी सहकारी बसलेली होती. तिच्याकडे केस देणं पाच मिनिटांचं काम होतं. पण तुम्ही विश्वासानं दिलेलं मला झेपत नाही, हे बोलून दाखवावं लागलं असतं.

दसरा आला. ती लागोपाठ दोन बुधवार आली नाही. न कळवता तीनदा गैरहजर राहिलं तर केस बंद, हा नियम तुमचाच. ज्यांना यायचं नाही त्यांच्या मागे लागू नये म्हणून केलेला. झेंडूचे दिवस आहेत, हे मला कळत नव्हतं असं नाही. तिसऱ्या बुधवारी ती आली, पण तिच्या वेळेतली दहा मिनिटं उरली असताना. जिन्यावर पावलं वाजली ती मी आतून ऐकली. मावशी दारात आल्या. “फुलवाली आलीय. पळत आलीय बिचारी.”

“आजची वेळ संपली म्हणावं.”

मावशी तिथेच उभ्या राहिल्या. “पाच मिन्टं तरी?”

“संपली म्हणावं ना.”

बाकड्यावर ती किती वेळ बसली, ठाऊक नाही. मी दार लावून घेतलं आणि तिच्या नावापुढे तिसरी गैरहजेरी मांडली. दुसऱ्या दिवशी केस बंद केल्याच्या छापील पत्रावर तिचं नाव घालून पोस्टात टाकलं. पत्ता फाईलच्या पहिल्या पानावरून उतरवून घेतला, बाई. तुमच्या लाल ओळीच्या अगदी खाली होता तो.

दिवाळीनंतर मी तुम्हाला भेटायला हॉस्पिटलात आले. कुंभमेळ्याच्या आदल्या वर्षीची ती दिवाळी. तुमचे केस गेले होते, आवाज खोल गेला होता. बाकी कुणाचं विचारलं नाहीत, हिचंच विचारलंत. मी म्हटलं, “थांबली. आपणच म्हणाली, आता बास.” तुम्ही डोळे मिटून हसलात. “बघ, म्हटलं नव्हतं?” असं म्हणून माझ्या हातावर थोपटलंत. पंधरा दिवसांनी तुम्ही गेलात. शेवटच्या दिवसांत तुम्हाला त्रास नको म्हणून मी खोटं बोलले, अशी मी पुढे बरीच वर्षं माझी समजूत घातली.

यंदा गौरींच्या आधी मी बाजारात फुलं घ्यायला गेले होते. मला ती दिसली नव्हती; तिनंच हाक मारली. “ताई, वळखलं का?” केस पिकले होते. ती शेवंतीतली किडकी फुलं काढता काढता बोलत होती, दुसऱ्या कुणाचं झालेलं सांगावं तशी. पत्र तिच्या दिरानं ओट्यावर बसून सगळ्यांपुढे मोठ्यानं वाचलं. “मालक म्हनले, येड्यांच्या डाक्टरकडं जाती व्हय तू? पोरीचं मरान चार लोकांत सांगती व्हय? वरीसभर बाजार बंद केला माझा. घरातच. लय वंगाळ गेलं ते वरीस.” मग वर बघून तिनं विचारलं, “बाईंना इचारूनच केलं असंल ना तुम्ही?”

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला फक्त माहीत करून घ्यायचं होतं, आणि हे तिला सांगू शकणारी मी एकटीच उरले होते. बाजूनं गिऱ्हाइकं ढकलत होती. मी म्हटलं, “हो.” आणि तेवढ्यावर थांबले नाही. “आजारी होत्या, तरी त्यांनीच सांगितलं,” असंही म्हटलं.

तिनं शेवंती तोलली, पुडी बांधून माझ्या हातात दिली. “बाई म्हनल्या असतील तर मंग…” एवढंच बोलली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. बाई, तुम्हीच तिला टाकलंत, असं ती आता धरून चालली आहे.

त्याला तीन आठवडे झाले. ती रोज सकाळी तिथेच बसते, माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. मी सध्या फुलं आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानातून आणते.