उंबरा कापल्यावर

आप्पा, दादाला सगळं सुतारकाम शिकवलंत आणि मला नुसतं 'ऊठ तिथून' एवढंच सांगत आलात, त्याचं काय झालंय ते आता ऐका. उंबऱ्यावर बसू नको, उंबऱ्यावर पाय देऊ नको, उंबऱ्यात उभी राहून खाऊ नको. का नको, ते कधी बोललात? मला वाटायचं लक्ष्मी जाते, नाहीतर पोरींना लावायची एक शिस्त. मग मी तो कापला. तुमच्या हातचा सागवानी उंबरा, तुमच्याच करवतीनं, मागच्या रविवारी. सकाळी नऊला बसले ती बाराला उठले. आता दार लागत नाही आणि आई बाहेर येत नाही.

तुम्ही गेल्यानंतरचं हे सगळं, तुम्हाला यातलं काहीच माहीत नाही, म्हणून सांगते. आई गेल्या वर्षी मोरीत पडली, खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण परत पायावर उभी राहिली नाही. चाकाची खुर्ची आणली. पावसाचं पाणी आत येतं म्हणून तुम्ही उंबरा चांगला सहा बोटं उंच केलेला, त्याच्यावरून चाक कसलं जातंय. शेजारचे बापलेक रोज सकाळी यायचे, दोन बाजूंनी खुर्ची आईसकट उचलून पलीकडे ठेवायचे. आई तासभर उन्हात बसायची, येणाऱ्या-जाणाऱ्याला नावं ठेवायची. त्या एका तासावर तिचा दिवस जायचा. मग चाळ पाडायचं ठरलं. इथं टॉवर होणार म्हणे. एकेक बिऱ्हाड उठलं, बापलेकपण गेले. बारा खोल्यांत आता आम्ही दोघी आणि टोकाचा एक म्हातारा, त्यालाच धरून चालवावं लागतं. आम्हाला खोली मिळते ती तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. म्हणून अजून इथंच पडून आहोत.

आधी मी उतरण केली. माळ्यावर तुमच्या फळ्या होत्या, त्यातली एक कापून आतून एक, बाहेरून एक, असे दोन तुकडे उंबऱ्याला टेकवले. पण बाहेर पॅसेज तीन फूट, पुढे गटार. फळी लांब घ्यावी तर खुर्ची वळत नाही, आखूड घ्यावी तर घसरगुंडी होते. मी दोन्हीकडे आखूड घेतली. आईला बसवून ढकललं, खुर्ची अर्ध्यावर चढली आणि उलटी आली ती माझ्या नडगीवर. आई म्हणाली, "मारतेस काय गो मला?" मी म्हटलं, "मारायचं असतं तर एवढी फळी कशाला कापली असती?" दोघी हसलो. ते शेवटचं हसणं.

मग डोक्यात आलं की फळी कशाला, उंबराच काढते. दोन्ही टोकांना, चौकटीच्या खांबांच्या अगदी अंगाला लावून, करवत चालवायला लागले. करवत गंजलेली, तिला खोबरेल लावलं. आई आतल्या खोलीत पडल्या पडल्या विचारते, "काय कापतेस?" मी म्हटलं, "फळी." ती म्हणते, "कसली फळी? सागाचा वास येतोय." मी करवत चालूच ठेवली. तुमच्याबरोबर चाळीस वर्षं काढलेली बाई, तिला वासावरून लाकूड कळतं.

उंबरा निघाला. रिकामी खुर्ची चार वेळा आत-बाहेर केली, लोण्यासारखी गेली. मला एवढा आनंद झाला, आप्पा, की एकटीच टाळी वाजवली. आईला म्हटलं, "चल बाहेर." ती म्हणाली, "जेवून जाऊ." भात टाकलेला, मीपण म्हटलं, जेवून जाऊ. ताट धुवेपर्यंत दाराकडून कडकड आवाज आला. जाऊन बघते तर दार लादीला टेकलेलं. दोन्ही खांब खालून वाळवीनं पोकळ केलेले. वरून रंग, आत नुसती माती. त्यांना धरून होता तो तुमचा उंबरा. दार ज्या खांबावर लटकलेलं तो खाली आत सरकला, दोन बोटं. खुर्ची जायला एकाच बोटाची फट होती. तेव्हा भाताची वाट बघितली नसती तर आईला अर्धा तास तरी ऊन मिळालं असतं. आता खुर्ची अडकते. खुर्चीची घडी होते, आईची होत नाही. तिला एकटीनं उचलणं माझ्या गुडघ्यांना जमत नाही. स्ट्रेचरवरून नेऊ म्हटलं तर काय म्हणाली माहितीय? "आडवी होऊन मी या दारातून एकदाच जाणार."

विटेनं खांब मागे ठोकून बघितला. वरचं प्लास्टर डोक्यावर पडलं, भिंतीला बोटभर चीर गेली. तेव्हा हात आवरला. रात्री दार सुतळीनं बांधते. मानपाड्याला कंपनीत पॅकिंगला जाते मी, सहा दिवस खाडा झाला. सुतळीनं बांधलेल्या दारामागे म्हातारीला एकटी टाकून कशी जाऊ?

दादाला फोन केला. तो कोलशेतला मोठमोठ्या फ्लॅटांत तयार किचन बसवतो आता.

"तू हात कशाला लावलास?"

"कोण होतं दुसरं लावायला?"

"अगं, उंबरा काढायच्या आधी खाली आडवं लाकूड ठोकून घ्यायचं, एवढं कळत नाही? आप्पांनी शंभरदा सांगितलंय."

"तुला सांगितलंय. मला नाही."

"आणि पडणाऱ्या चाळीत चौकट कोण बसवतं, वेडे? रविवारी बघतो."

आज रविवार. संध्याकाळ झाली. आला नाही.

चुकीतून माणूस शिकतं म्हणतात. शिकले ना. आधी खांबाला खाली पटाशी टोचून बघायची, आतून पोकळ आहे का. मग आधार ठोकायचा. मग करवत. आणि एका दिवसात एकच टोक कापून रात्रभर थांबायचं. सगळं पाठ झालंय. पण घेऊन करू काय? दुसरा उंबरा कुठाय मला कापायला? दुसरी आई कुठाय?

हे लिहायला बसले तेव्हा तुम्हाला चांगलं झाडायचं होतं. चौथीत शाळेतून काढलंत ते, दादाच्या हातात रंधा दिलात आणि माझ्या हातात झाडू, भुसा काढायला, ते. पण वरचं लिहिता लिहिता चौकट बसवली तो दिवस आठवला. मी असेन नऊ-दहा वर्षांची. दादा तापानं पडलेला. खांब दोन उभे केलेत आणि मला म्हणालात, "बाय, इकडे ये. हा धर. दोन्ही हातांनी. हलू देऊ नको, नाहीतर आत येईल तो." मी धरते. खांब माझ्या दुप्पट उंच, हात भरून येतात, नाकाला खाज सुटते, तरी सोडत नाही. तुम्ही खाली बसून उंबरा ठोकताय, एक टोक, मग दुसरं. मग वर बघून म्हणता, "सोड आता." मी भीत भीत सोडते. खांब हलत नाही. तुम्ही हसता. आईनं हळदीकुंकू वाहिलं आणि गुळाचा खडा दिला, तो तुम्ही माझ्या तोंडात घातलात, दादाला ठेवला नाहीत.

म्हणजे सांगितलं होतंत. माझ्याच हातांना सांगितलं होतंत, आणि मी विसरले. वर शंभर ओळी तुम्हाला शिव्या घातल्या, त्या आता खोडत नाही. राहू देत. हे कागद करवतीबरोबर माळ्यावर जातील, दुसरं कुठं जाणार?

आणि एक. आईला मी अजून सांगितलेलं नाही. दार दमटपणानं फुगलंय म्हणून सांगितलंय. सकाळी ती आतून विचारते, "उंबऱ्याला हळदीकुंकू लावलंस?" मी म्हणते, "लावलं." खोटं नाही ते. कापलेला तुकडा ओट्याखाली सिलिंडरच्या मागे उभा करून ठेवलाय, त्याला लावते. काल ती म्हणाली, "हल्ली तू लावायला दाराकडे जात नाहीस, ओट्याकडे जातेस."

शुक्रवारी तिची ठाण्याला हाडाच्या डॉक्टरची तारीख आहे. खुबा परत उघडायचा की असाच ठेवायचा, ते त्या दिवशी ठरणार. त्याआधी खुर्ची दारातून जायला हवी, म्हणून मला एवढंच सांगा. चौकट बसवली तेव्हा तुम्ही ठोकत होतात आणि खांब धरायला मी होते. आता धरायचं मीच आणि ठोकायचंही मीच, ते एका माणसानं कसं करायचं? गुरुवारी दिवे लागायच्या आत सांगा.