डावा कार्बोरेटर

३ फेब्रुवारी, मंगळवार

"महिनाअखेरपर्यंत," वहिनी म्हणाली. "नंतर भंगारवाला येईल आणि मी त्याला अडवणार नाही."

"चालेल," मी म्हटलं.

काय चालेल? शिलाई मशीन सोडून मला कुठलं यंत्र कळतं! पण बोलून बसले.

झालं असं. दारातल्या बोळात दादाची जुनी मोटारसायकल उभी आहे. त्याला अर्धांगाचा झटका आला त्याच्याही आधीपासून बंद. वहिनीला तिथे भिंतीला दांडी बसवायची आहे, म्हणजे दादाला धरून चालता येईल. बरोबरच आहे तिचं. आज भंगारवाला गाडी बघायला आला. त्याने हँडलला हात लावला, आणि आतून दादा आला. काठी न घेता! चौकट धरून उभा राहिला आणि ओरडला, "चल! चल! चल!"

आता त्याच्याकडे हा एकच शब्द उरलाय. चहा हवा, चल. पाय दुखतो, चल. आजचा अर्थ मात्र भंगारवाल्यालाही कळला. तो निघून गेला.

बोलणं शिकवायला बाई येतात तेव्हा हाच दादा भिंतीकडे तोंड करून बसतो. त्या फुगा फुगवायला सांगतात, ओठांच्या व्यायामासाठी. मागच्या खेपेला त्याने फुगा भिरकावून दिला. आणि आज गाडीसाठी उठून आला!

म्हणून मी म्हटलं, गाडी चालू करून दाखवते. महिनाअखेरपर्यंत.

५ फेब्रुवारी, गुरुवार

कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला घेऊन गेले. त्याने टाकीचं झाकण उघडलं, वास घेतला, नाक मुरडलं.

"ताई, पेट्रोल आंबलंय. आत सुकून त्याचा डिंक झाला असणार. कार्बोरेटर चोकअप. आणि या गाडीला दोन आहेत."

"बदलून टाका मग."

"कुठून आणू? ही गाडी निघायची बंद होऊन जमाना झाला. साफ झाले तर झाले. नाहीतर फुलदाण्या करा."

तूच साफ कर म्हटलं तर म्हणतो, दुकानात रोजच्या गाड्यांची रांग लागलीय. पण खोलायचे कसे ते मात्र नीट समजावून सांगितलं. हवा मारायची असली तर दुकानात या, म्हणाला. भला माणूस. चेष्टा करतो एवढंच.

७ फेब्रुवारी, शनिवार

माझं शिलाईचं दुकान लवकर बंद करून दादाकडे गेले. दोन्ही कार्बोरेटर सुटे केले. मुठीएवढे असतील, पण जडशीळ. बोळात जुनी चादर पसरली, त्यावर मांडले. दादा खुर्ची ओढत येऊन शेजारी बसला.

वास! वहिनी आतून, "मी पेशंट सांभाळू की पेट्रोल पंप?"

खालच्या वाटीचे स्क्रू हलेनात. मी सगळा जोर लावला आणि एकाची खाच साफ गुळगुळीत करून टाकली. दादाने डोळे मिटले. कुणी त्याच्या पायावर पाय द्यावा तसा चेहरा.

८ फेब्रुवारी, रविवार

आज त्याने माझ्या हातून स्क्रूड्रायव्हर काढून घेतला. डाव्या हाताने. स्क्रूवर सरळ उभा धरला आणि हनुवटीने हातोडीकडे खूण केली. मी वरून एक हलका ठोका दिला. त्याने मान हलवली – अजून. दुसरा ठोका. मग त्याने फिरवला.

कट्! सुटला!

एवढ्याशा आवाजाचा एवढा आनंद मला कधी झाला नव्हता.

१० फेब्रुवारी, मंगळवार

वाट्या उघडल्या. आत करपलेल्या पाकासारखा तपकिरी थर. त्यात तरंगायचा तो फ्लोट चिकटून बसलेला. मधोमध पितळेचे बारीक जेट – त्यांच्यातूनच पेट्रोल वर चढतं म्हणे. भोक इतकं बारीक की उजेडाकडे धरूनच दिसावं. आमच्या जेटमधून उजेड दिसतच नाही. ठार बंद.

साफ करायचा स्प्रे मारून रात्रभर भिजत ठेवलेत.

११ फेब्रुवारी, बुधवार

आज जे झालं ते लिहायलाच हवं.

भिजवून थर सुटला, पण लहान जेटचं भोक काही उघडेना. मी म्हटलं, एवढंच ना! सुया तर आपला रोजचा धंदा. पर्समधून सगळ्यात बारीक सुई काढली आणि भोकाला लावली.

"नको!"

स्वच्छ. ठणठणीत. आमचा जुना दादा!

वहिनी ओल्या हातांनी धावत आली. "कोण बोललं?"

मी दादाकडे बोट दाखवलं. आम्ही दोघी त्याच्याकडे बघत उभ्या. त्याने पुन्हा म्हणून बघितलं. ओठ जुळवले. मानेच्या शिरा ताठ झाल्या. आलं काय, तर "चल." मग त्याने डाव्या मुठीने स्वतःच्या मांडीवर मारायला सुरुवात केली. वहिनीने ती मूठ धरली आणि धरूनच ठेवली. मी जेटकडे बघत बसले. दुसरीकडे कुठे बघणार?

थोड्या वेळाने शांत झाला. बाजूला तुटक्या टेबललॅम्पची वायर पडली होती, ती त्याने पायाने माझ्याकडे सरकवली. कळलं मला. सुई पोलादाची, पितळ खरवडून भोक मोठं करेल. तांब्याची तार मऊ. वायर सोलली, आतली एक तार वेगळी केली, हळूच घातली. गेली आरपार.

उजेड दिसला.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आज दिवसभर "नको" आलं नाही. वहिनीने मुद्दाम साखर न घालता चहा दिला, तरी नाही. नुसतं तोंड वाकडं केलं.

१४ फेब्रुवारी, शनिवार

बोलणं शिकवणाऱ्या बाई आल्या. मी मोठ्या ऐटीत चादर दाखवली, सगळे भाग चकचकीत करून ओळीने ठेवलेले. मला वाटलं शाबासकी देतील.

"हे कुणी साफ केलं?"

"मी."

"म्हणजे व्यायाम तुमचा झाला. तुम्ही फार पटापट करता. त्यांना करू द्या. वेळ लागला तर लागू द्या."

राग आला. पण बाई गेल्यावर उजवा कार्बोरेटर दादाच्या गुडघ्यांमध्ये ठेवला आणि मी हात मांडीखाली दाबून बसले. एक स्क्रू त्याच्या हातून सुटला, घरंगळत नाल्याच्या जाळीपर्यंत गेला. मी उठले नाही. त्यानेच काठीने ओढून आणला. अख्खी दुपार गेली – आणि वाटी बसली!

दुसऱ्याला काम करताना बघत बसणं, यापेक्षा बाराशे शर्टांना काजं करणं सोपं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

दोन्ही कार्बोरेटर चढवले. ताजं पेट्रोल भरलं. किक मारायला मेकॅनिक आला.

फाट्! बंदूक सुटल्यासारखा आवाज. समोरच्या खिडक्या उघडल्या. मग इंजिन धडधडलं, खरंच धडधडलं! मी टाळ्या वाजवल्या. वहिनीसुद्धा दारात आली. मेकॅनिकने चोक बंद केला, तशी गाडी दोन आचके देऊन गप्प झाली.

पुन्हा किक. पुन्हा तेच.

त्याने खाली वाकून दोन्ही सायलेन्सरच्या नळ्यांवर पाणी शिंपडलं. उजवी चुर्रर्र करून उठली. डावी ढिम्म.

"एकच सिलिंडर चालतोय. डाव्याला पेट्रोल पोचत नाही. पुन्हा खोला."

पुन्हा खोला! म्हणायला काय जातं.

१८ फेब्रुवारी, बुधवार

भांडले. वहिनीशी. खरं म्हणजे वहिनी भांडली आणि मी ऐकून घेतलं.

पाना आपटला मी, तो फरशीला लागला. तेवढंच निमित्त झालं.

"तू येतेस, दोन तास बसतेस आणि जातेस. अंघोळ कोण घालतं? रात्री उठून कूस कोण बदलतं? तू गेलीस की तो दाराकडे बघत बसतो. आणि समज झाली चालू. पुढे काय? उजव्या हाताने ॲक्सिलरेटर कोण पिळणार? तू?"

दादा दोघींच्या मध्ये बसलेला. सगळं ऐकत होता. बोलणं गेलंय, कान थोडेच गेलेत!

गाडी चालू करून दाखवते, असं म्हणाले होते मी. त्याच्या पुढचा विचारच केला नव्हता.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

गेले नाही.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

आजही गेले नाही. संध्याकाळी वहिनीचा फोन.

"जेवत नाहीये. बोळात जाऊन बसलाय."

मी हातातली सुई खाली ठेवली.

"तो सारखा कुठलातरी स्क्रूड्रायव्हर मागतोय. मी चार दिले, चारही बाजूला ठेवले. मला कळत नाही कुठला ते. ये ना."

२२ फेब्रुवारी, रविवार

मी आज नुसता कार्बोरेटर धरून ठेवला. बाकी सगळं दादाने केलं, डाव्या हाताने आणि दातांनीसुद्धा. वहिनी टॉर्च धरून उभी. कुणीच बुधवारच्या भांडणाचा विषय काढला नाही.

जेट स्वच्छ होते. मग अडलंय कुठे? दादाने वाटीच्या वरच्या अंगाला एक रबरी बूच दाखवलं. मला ते कधी दिसलंच नव्हतं. बूच काढलं तर खाली आणखी एक जेट! तोही साफ केला. पण त्याच्या पुढे धातूच्या आतून जाणारी वाट गच्चच होती. मेकॅनिकच्या दुकानात मारून आणलेली हवा मोकळ्या भोकांतून निघून जात होती, तिथपर्यंत पोचतच नव्हती.

मग दादाने खुणेने रबराची नळी मागितली. एक टोक भोकावर दाबलं, बाकीची भोकं मला बोटांनी बंद करायला लावली आणि दुसरं टोक स्वतःच्या तोंडात धरलं.

फुंकर. उजव्या ओठाच्या कोपऱ्यातून हवा निसटली. वहिनीने न सांगता तो कोपरा अंगठ्याने दाबून धरला.

फुंकर. काही नाही. फुंकर. गाल फुगतायत, डोळ्यांत पाणी. मी म्हटलं, "पुरे, दादा." त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी बोटं आणखी घट्ट दाबली.

फुंकर – आणि फस्सकन काळा कण बाहेर उडाला, थेट वहिनीच्या गालावर!

मग वहिनी हसायला लागली. गालावर तो काळा ठिपका तसाच, आणि हसतेय. दादाही हसला. तोंड वाकडं, आवाज मात्र गडगडाटी. झटक्यानंतर पहिल्यांदा.

फुगा भिरकावणारा तो हाच माणूस!

२४ फेब्रुवारी, मंगळवार

चालू! चोक बंद केला तरी चालू! दोन्ही नळ्यांवर पाणी चुर्रर्र!

मेकॅनिक म्हणाला, दोन्ही कार्बोरेटर एका सुरात आणावे लागतील. दादाने तीच नळी कानाला लावली. दुसरं टोक एकदा डाव्या कार्बोरेटरपाशी, एकदा उजव्या. आत जाणाऱ्या हवेचा आवाज ऐकत राहिला. बोट हलवून मेकॅनिकला सांगायचा – किंचित आत. नाही, मागे. अगदी किंचित. आणि मग धडधड थांबून एकसारखी घरघर सुरू झाली.

मेकॅनिकने फडक्याने हात पुसले. म्हणाला, "आता मी इथे काय करतोय?"

२६ फेब्रुवारी, गुरुवार

लिहावंसं वाटत नाही.

मेकॅनिक एका माणसाला घेऊन आला. जुन्या गाड्यांचा वेडा. गाडी बघून हरखला. मला हवी, म्हणाला.

वहिनी म्हणाली, "यांना विचारा."

मी दादाच्या कानाशी वाकले. "नको म्हण, दादा. येतं तुला. म्हण."

तो बराच वेळ गाडीकडे बघत होता. मग वहिनीकडे. आणि किल्ली डाव्या हाताने काढून त्या माणसाच्या हातात ठेवली. "चल."

दिली! इतके दिवस ग्रीसमध्ये हात घालून, दातांनी बुचं काढून – दिली! वर त्या माणसाला खुणा काय करत होता, मेकॅनिक मान काय डोलावत होता. मी थांबलेच नाही. घरी येईपर्यंत रडत होते.

२८ फेब्रुवारी, शनिवार

बोळात दांडी बसली. दादा धरून टोकापर्यंत चालला. चांगलं झालं. चांगलंच झालं. दुपारी काजं करताना बोटात सुई गेली.

१ मार्च, रविवार

सकाळी दादाच्या दारात टेम्पो. मागे दोरीने बांधलेली दुसरी मोटारसायकल – आधीच्यापेक्षा जुनी, सीट नाही, गंजून लाल. मेकॅनिक हसतोय. "अदलाबदल, ताई! त्या माणसाच्या गोदामात सडत होती. दादांनीच ठरवलं गुरुवारी, खुणांनी. वहिनींना माहीत होतं."

वहिनीने मागचं अंगण झाडून ठेवलेलं. चादरही पसरलेली. दादा दांडी धरून, मग भिंत धरून, कुणाला न विचारता तिथपर्यंत चालत गेला.

वाकून बघितलं. चार कार्बोरेटर! चारही गच्च.

"बघत काय बसलीस?" वहिनी बाह्या सरसावत म्हणाली. "पहिला स्क्रू मी काढणार."