फुंकर न मारल्याबद्दल

धाकटे मेहुणे यांस अनेक आशीर्वाद. गुडघा कसा आहे? (मागल्या खेपेला उजवा म्हणाला होतात, आता डावाही त्याच्या नादी लागला, असं तुमची ताई सांगते.) आम्ही सगळे ठीक. संतापलेले, पण ठीक.

संतापाचं कारण तुमची विमा कंपनी. आमची सात महिन्यांची नात श्वास घेताना शिट्टी वाजवते, म्हणून डॉक्टरीणबाईंनी तपासणी केली. दूध पाजून झोपवलं, नाकातोंडावर इवलासा मास्क ठेवला आणि यंत्रानं श्वास मोजला. औषधाचा गुण आला का, ते पाहायला आता दुसरी तपासणी हवी. पण पहिलीला तुमची मंजुरी आल्याशिवाय हॉस्पिटल तारीख देत नाही, आणि मंजुरीऐवजी आलं काय, तर पत्र! ‘रुग्णाने जोराने फुंकर मारण्यास सहकार्य केल्याचे दिसत नाही. धूम्रपान किती वर्षे, ते कळवावे. खुलाशावर रुग्णाची सही हवी.’

अहो, जिला अजून दात नाहीत, तिनं विडी धरायची कशात? सहीसाठी कागद पुढे केला, तर तिनं त्याचा कोपरा चोखला. (तो सोबत जोडला आहे. सही समजावी.)

तडक तुमच्या इथल्या शाखेत गेलो. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, प्रत्येक तपासणीला कोड असतो. शेवटी एक असला तर तान्हं बाळ, नऊ असला तर साठीपुढचा माणूस. आमच्या अर्जावर म्हणे नऊ आहे. वयाकडे कोण बघतो, कॉम्प्युटर कोडच बघतो! एक आणि नऊ यांतला फरक न कळणारी माणसं तुम्ही पगार देऊन पोसता? माझ्या वर्गात असती तर बाकावर उभी केली असती. सूनबाईनं तर असं तोंड सोडलं की त्या बाईंनी दोनदा माफी मागितली. बरं झालं.

तुमचे दाजी

ता. क. अर्ज मी भरला होता. चौतीस वर्षं गणित शिकवलेल्या हातानं, वळणदार मराठी आकड्यांत. तुमच्या लोकांना आपला १ हा त्यांचा 9 दिसला.

ता. क. २. सूनबाईला हे ठाऊक नाही. कळायच्या आत तेवढा आकडा सुधारून घ्या. पोरीच्या छातीला रोज कान लावतो. शिट्टी कमी झाली की माझेच कान गेले, समजत नाही. भीती वाटते हो. (खिडकीतल्या बाईंची माफी मी मागेन, सूनबाई माहेरी गेली की.)

ता. क. ३. फोन नको, सूनबाई उचलते. पत्रानंच कळवा. आणि मंजुरीचा क्रमांक अक्षरी लिहा.