डिजरिडू आणि कुंकू

खंडेनवमी, मेनूथ

आत्ता कुठे जिवात जीव आला.

शेजारच्या मॉरीनच्या माळ्यावर एक जुनं डिजरिडू निघालं, ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचं फुंकवाद्य. मी म्युझियमवाली, म्हणून ते कुठल्या जमातीचं हे शोधायला तिने मला दिलंय. त्यावरचे मातीचे रंग हाच काय तो पुरावा, ओलं बोटसुद्धा चालत नाही. आणि आज घरी येते तर आईने ते पूजेत तबल्याशेजारी मांडलेलं. कुंकू! केवढ्यांदा ओरडले मी. जवळ जाऊन पाहिलं, तर कुंकू फक्त पाटावर.

"परक्याची वस्तू, न विचारता कसं लावीन?" आई म्हणाली.

"मग मॉरीनला विचारायचंस ना!"

"तिला काय विचारायचं? ज्यांचं आहे, ती माणसं सापडू देत आधी."