लोशन की गोळी

सुगत धर्माबादहून ड्युटी करून यायच्या आत बुद्धप्रियाला नांदेडमधून कंधारची बस धरायची होती. कॅलेंडरच्या जुन्या पानामागं तिनं नवऱ्यासाठी घाईघाईत लिहिलं:

"वरण झालंय, भात तेवढा लावून घ्या. मी आईकडं चाललेय. केसाच्या डॉक्टरीणबाईकडं जाऊन आले. भांग रुंद होऊन राहिला, त्याला लोशन कायमचं लावावं लागतं. गोळीनं गुण जास्त येईल म्हणल्या, पण ती चालू असताना दिवस राहिलेले चालत न्हाईत. 'मुलाचा विचार हाय का?' म्हणून विचारलं. मी न्हाई म्हणले अन् गोळी घेऊन आले. दोनदा दिवस राहिले, अन् दोन्ही वेळेला दवाखान्यातून रिकाम्या हातानं परत आले, आता लई झालं. अजून सुरू केली न्हाई."

'रागावू नका' असं लिहून तिनं ते खोडलं. दोन्ही वेळेला तो रागावला नव्हता, नुसता गप्प बसला होता. मग तिनं लिहिलं, "फोन करा. काहीतरी बोला."

कंधारच्या स्टँडवर ती उतरली अन् फोन वाजला.

"गोळी सुरू कर," सुगत म्हणाला, आणि पुढं त्याला रडूच आवरेना. स्टँडच्या बाकावर बसून तिनं ते सगळं ऐकून घेतलं.